लाल गाडीची बारी

गॅरेजात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत, जुनी बेअरिंगं आणि किस्से. बेअरिंगं दत्तू मिस्त्री कोपऱ्यातल्या पिंपात टाकतो, किस्से माझ्याकडे येऊन पडतात. आळेफाट्याला मिस्त्रीच्या गॅरेजाला लागून माझं टायरचं दुकान आहे आणि बसायला बऱ्यापैकी खुर्ची तेवढी माझ्याकडेच आहे. गाडी दुरुस्त होईपर्यंत माणूस करणार काय? बोलणार. पण गेल्या वर्षभरात एकट्या संदीपच्या लाल गाडीने जेवढा माल पुरवला, तेवढा बाकी सगळ्यांनी मिळून पुरवला नसेल.

*

संदीप निमगाव सावाचा. ओतूरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. एसटीत खिडकीशी बसायचा आणि वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली स्पोर्ट्स कार बघत राहायचा. आम्ही हसायचो. पुढे वीस वर्षं टोमॅटो केल्यावर एका चांगल्या सीझनला तो पुण्याहून खरोखरच एक सेकंडहँड घेऊन आला. लाल, दोन सीटची, जमिनीला चिकटलेली.

गावात शिरताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. पारावरच्या चौघांनी उचलून पलीकडे ठेवली. दारात पोचल्यावर त्याचे वडील, अण्णा, गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "क्रेट किती बसत्यात?"

"अण्णा, ही स्पोर्ट्स कार हाये."

"बरं. मंग क्रेट किती?"

"एक बी न्हाई."

अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा मागे जाऊन डिकी शोधू लागले.

*

खरी गोष्ट पुढेच आहे. संदीपची बायको सुनीता, आम्हा सगळ्यांची वहिनी, माहेरची आंबेगाव तालुक्यातली. टोमॅटोची तोडणी, ट्रॅक्टर, पिकअप, बाजार सगळं तीच बघते. गाडी महिनाभर अंगणात उभी राहिलेली पाहून तिने विचारलं, "हिचा उपयोग काय?"

संदीपने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पुण्याबाहेर एका खाजगी मैदानावर गाड्यांची स्पर्धा होती. मुरमाच्या मैदानात शंकू मांडतात, एकेक गाडी त्यातून वळणं घेत जाते आणि घड्याळ लावतात.

वहिनी म्हणाली, "ठीक हाये. ही गाडी पयल्या धा नंबरात आली तर ऱ्हाईल. न्हाईतर विकायची आन् दुसरी पिकअप घ्यायची. आन् त्याच्याआधी हिच्यावर एकच काम करायचं. सारखं सारखं गॅरेज न्हाई."

संदीपने मान डोलावली. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. एकच काम करायचं, तर कोणतं? इंजिन वाढवायचं की बाकीचं काही?

*

आता आमच्याकडे सल्ला मागितला की काय होतं, ते सांगतो.

दत्तू मिस्त्री म्हणाला, "इंजिन. मोठा टर्बो टाकू. इंजिन म्हंजी काळीज असतंय राव. काळीज मोठं तर माणूस मोठा." मिस्त्रीने तीस वर्षं जीप आणि पिकअपची इंजिनं खोललीत. दुसऱ्या कशाला हात लावायचा म्हटलं की त्याला डुलकी येते.

मी म्हणालो, "टायर. ताकद शेवटी जमिनीला लागते कशातून?" मी खोटं बोलत नव्हतो. पण मी टायर विकतो, हेही खरं.

ओतूरच्या कांतीशेठना विचारलं. त्यांचा कांद्याचा व्यापार आणि मोठा वजनकाटा. पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. ते म्हणाले, "वजन कमी करा. इंजिन तेच ठेवा, ओझं काढा. आणि प्रत्येक वेळी काट्यावर मोजून बघा."

थोडक्यात, ज्याच्या दुकानात जे होतं, तेच गाडीत कमी होतं. संदीप बिचारा तिघांचंही ऐकून तिघांनाही "बराबर हाये" म्हणत होता.

शेठनी जाता जाता त्याच्या पोटाकडेही एक नजर टाकली. "आमच्याकडे पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहतात. तेही बघा जमलं तर." संदीपने ते मनावर घेतलं नाही. समोर मिसळ होती.

*

मिस्त्री हट्टाला पेटला. पुण्याचा एक माणूस लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवून देतो, त्याला त्याने आठवडाभर ट्रायलवर राजी केलं. "हे काम न्हवं, निस्ती ट्रायल हाये," असं वहिनीला कळवलं. आता ट्रायल घ्यायची कुठे?

आमच्याकडे वेग मोजायची जागा एकच, बैलगाड्याचा घाट. चढाची मातीची धाव, खाली सुटायचं, वर निशाण पडतं. बैलांची बारी, म्हणजे एकेक धाव, सेकंदात मोजतात आणि त्या सेकंदांवरून सोयरिकी मोडल्याचंही मी पाहिलंय. पुण्यात रेसिंग ट्रॅक असतील, पण आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात घाट सोडून दुसरं नाव आलं नाही. घाट मोकळा होता. घड्याळवाल्याला बोलावलं, तर तो भोंगाही घेऊन आला. भोंगा ऐकून दोनशे माणूस जमलं.

"लाल गाडी, निमगाव सावा! झाली का तयारी?"

संदीपने पाय दाबला. इंजिन असं ओरडलं की समोरची म्हातारी मंडळी कानावर हात ठेवून मागे सरली. मागची चाकं जागच्या जागी फिरली. माती आमच्या तोंडावर आली. गाडीने दोन सुबक सऱ्या काढल्या आणि त्यात बसली, पोटापर्यंत.

शेजारी एक जुने गाडामालक उभे होते. ते म्हणाले, "ताकद लई हाये. पाय ठरंना."

शेवटी त्यांनीच आपली बैलजोडी आणली, दोर बांधला आणि गाडी ओढून पार वर नेली. घड्याळवाला इमानदार माणूस. त्याने तीही बारी लावली. त्या घाटात लाल गाडीचा तेवढा एकच अधिकृत टाइम आहे.

पुण्याच्या माणसाने इंजिन पहिल्यासारखं करून दिलं.

*

मग शेठचा मार्ग धरला. वजन काढायला पैसा लागत नाही, पाना लागतो, म्हणून हेही काम धरायचं नाही असं आम्ही आपसांत ठरवलं. गाडी थेट ओतूरला काट्यावर नेली आणि तिथेच खोलायला घेतली.

स्टेपनी काढली. शेजारची सीट काढली. म्युझिक सिस्टीम, मॅट, मागचा कार्पेट, सगळं काढलं. डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी मिस्त्रीचा हात थांबला. शेठ म्हणाले, "देवाचं वजन धरत नाहीत." गणपती राहिला.

"लावा आता काटा," संदीप म्हणाला.

शेठच्या माणसाने आतून आकडा सांगितला. गाडी आली तेव्हा होता, तोच. वर काही किलो जास्तच.

पुन्हा लावला. पुन्हा तोच. मिस्त्री म्हणाला, "शेठ, काटा बिघडलाय तुमचा."

काट्याला नाव ठेवलं म्हणजे शेठच्या घराण्याला नाव ठेवलं. ते गादीवरून उठून बाहेर आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. गाडी काट्यावर होती. काढलेली स्टेपनी, मॅट, कार्पेट नीट रचून गाडीशेजारी ठेवलं होतं, काट्यावरच. आणि काढलेल्या सीटवर मिस्त्री बसला होता, तीही काट्यावरच.

शेठ एवढंच म्हणाले, "दत्तूभाऊ, तुम्ही उठा, मग काटा सुधारेल."

*

टर्बो डोक्यातून कसा गेला, तेही सांगतो. मिस्त्रीला अजून वाटत होतं की बैलगाड्याच्या घाटात माती नडली, इंजिन नाही. म्हणून तो एकदा स्वतः गाडी घेऊन माळशेजच्या डांबरी घाटात गेला, संदीपला शेजारी खाली पोत्यावर बसवून. सीट नव्हती ना. घाट लागेपर्यंत मिस्त्री गाणं म्हणत होता. उतरताना त्याचं गाणं बंद झालं आणि पाय ब्रेकवरून हलेना. खाली येऊन थांबले तेव्हा पुढच्या चाकांतून धूर निघत होता.

कडेला कणसं भाजणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी चाकाकडे बघितलं आणि विचारलं, "माजा कोळसा इझत आलाय. दोन कणसं ह्याच्यावर ठिवू का?"

मिस्त्री परत आला तो सरळ माझ्या दुकानात. खुर्चीत बसला, पाणी प्यायला. "आधी थांबाया शिकवू हिला," म्हणाला. "पळती ती लई." तीस वर्षांत त्याने इंजिनाच्या विरोधात काढलेलं हे पहिलं वाक्य. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल माया वाटली.

तर एकच काम ठरलं. ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर. तिन्ही एकाच दिवशी, एकाच जॅकवर बसवले, म्हणजे ते एकच काम झालं, असा युक्तिवाद संदीपने वहिनीपुढे केला. ती "हां" म्हणाली. टायर माझ्याकडचे होते. इंजिनाला पाना लागला नाही.

*

स्पर्धेला आम्ही सगळेच गेलो. कांतीशेठ पेढीला सुट्टी देऊन आले. वहिनी डबा घेऊन कडेच्या बांधावर बसली.

प्रत्येकाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत संदीप सुटला तो असा सुटला की पहिलं वळण त्याला दिसलंच नाही. चार शंकू गाडीखाली घेऊन तो सरळ मैदानाबाहेर गेला. दुसऱ्या फेरीत तो इतका जपून चालवत होता की बांधावरून वहिनीचा आवाज आला, "अवो, पोरगी बघाया निघाला का?"

नंबर लागला बाविसावा.

संदीप हेल्मेट काढून गाडीच्या मागे जाऊन बसला. नव्या टायरवर हात फिरवत होता. कॉलेजात हसायचो तेव्हा तो कधी चिडला नव्हता, आताही कुणावर चिडला नाही, आणि मला तेच सोसेना.

वहिनीने डबा झाकला. ती उठून त्याच्याजवळ गेली, जरा उभी राहिली. मग तरातरा नावनोंदणीच्या टेबलापाशी गेली. भोंग्यावरून सांगतच होते की बायकांचीही नावं घेणं चालू आहे, आधी पळालेली गाडीही चालेल, नंबरांची यादी सगळ्यांची एकच.

"लायसन हाये माझ्याकडं," ती म्हणाली. "ट्रॅक्टरचं बी हाये."

संदीप धावत आला. "सुनीता, अगं ही वेगळी गाडी हाये."

"माहितीये. रोज सकाळी तुमच्या त्या गाडीमुळं पिकअप निघत न्हाई. हिला कोण काढतंय अंगणातनं?"

तिने ओढणी कमरेला बांधली, हेल्मेट घातलं आणि मिस्त्रीला विचारलं, "गेर कंचा?"

"दुसरा. निस्ता दुसराच ठेवा वयनी."

ती सुटली. आवाज काहीच नव्हता, म्हणून आम्हाला वाटलं हळू चाललीये. सरी संपली की ट्रॅक्टर जसा बांधाच्या आत वळवतात, तशी ती प्रत्येक शंकूला वळली. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात शांत, मग सोडलेली. शंकू एकही हलला नाही. मिस्त्रीने माझा दंड धरला होता, तो मला नंतर दोन दिवस दुखत होता.

भोंग्यावर नंबर आला, सातवा.

संदीपने आधी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, मग चटकन उचलून वहिनीच्या खांद्यावर ठेवला.

पहिल्या दहातल्या गाड्यांची तपासणी होते. टोपी घातलेल्या एक बाई फॉर्म घेऊन आल्या. गाडीत काय काय बदल केले, ते लिहून द्यायचं होतं. संदीपने सांगितलं. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सीट काढली, स्टेपनी काढली.

"आणि इंजिनला?"

"इंजिनला हात न्हाई लावला, मॅडम."

बाईंनी यादी बघितली, बॉनेट उघडून आत बघितलं, पुन्हा यादी बघितली. "हीच गाडी सकाळी बाविसावी होती. मधल्या वेळात हिच्यात काय बदललं?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे पाहिलं. शेठ गणपतीकडे बघत होते.

वहिनी हेल्मेट काढून केस नीट करत होती. ती म्हणाली, "ह्यांना उतरवलं."

बाईंनी तेही लिहून घेतलं.