मॅडमचा ‘ओ’

रेहाना मॅडम कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरण्याआधी दारावर काठी आपटायच्या आणि मोठ्यानं म्हणायच्या, “मी आली!” मग आत जाऊन प्रत्येक टेबलाखाली एकेक टोला. एका पावसाळ्यात तिथल्या वायरींच्या गुंत्यात नाग वेटोळं घालून बसलेला निघाला होता, तेव्हापासूनची ही रोजची पूजा. पोरं फिदीफिदी हसायची. मॅडम म्हणायच्या, “हसा लेकहो. मले भेव लागते, तं मी सांगते. तुमालेई लागते, पन तुमी दात काढून राह्यले.”

इतकी भित्री बाई मी जन्मात पाहिली नाही. विजेला भ्यायच्या, प्राचार्यांना भ्यायच्या, पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या. घर वडशाला, वडील शिंपी. तासांच्या हिशेबानं पगार मिळायचा, त्यासाठी रोज जंगलातल्या रस्त्यानं स्कूटीवर यायच्या, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न. समोर चिटपाखरू नसलं तरी हॉर्न. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला त्या आम्हाला सी लँग्वेज शिकवायच्या.

आणि भिण्यात मी त्यांच्या वरताण होते. माझं गाव कॉलेजच्याही पुढे, अगदी रानात. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “एकई विषय राह्यला तं येनं-जानं बंद. तुही डिग्री पाहू का तुले पाहू?” बाबा काही दुष्ट नव्हते. संध्याकाळच्या बसमधून मी उतरेपर्यंत फाट्यावर टॉर्च आणि कुऱ्हाड घेऊन उभे असायचे, आणि मला पाहिलं की आधी माझ्यावरच खेकसायचे. त्यांना मला घरी बसवायला एक कारण हवं होतं, आणि ते कारण हा कॉम्प्युटर देणार याची मला पक्की खात्री होती.

पहिल्याच तासाला मी चार ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर लाल अक्षरांची रांगच्या रांग आली. मी खुर्ची सोडून भिंतीला चिकटले. म्हटलं, झालं, मोडला! भरपाई कुठून देणार आता? मॅडम आल्या, वाकून पाहिलं आणि चक्क खूश झाल्या.

“काऊन भेली? हे तं वानर ओरडून राह्यलं.”

मला काही कळेना.

“जंगलात वानर ओरडलं तं काय समजतेस? वाघ कुठीतरी हाय. मंग आपन सावध होतो का नाई? तसंच हे. लाल अक्षरं तुले वाचवून राह्यली, बेटा. वानर ओरडलं नाई, सारं चूपचाप झालं, तवा खरं भेव धर.”

त्यांचं सगळं शिकवणं असं भीतीच्या वाटेनं चालायचं. मोहफुलं वेचायला बाया पहाटे रानात जातात तेव्हा सतत एकमेकींना हाळी देतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून आवाज करत राहायचं. हाळी आली की ओ द्यायचा. ओ आला नाही की टोपली टाकून सगळ्यांनी तिकडे धावायचं. मॅडम म्हणायच्या, “प्रोग्रामलेई हाळी द्यायला लावा. मधामधात एक ओळ टाका, म्हना, मी इथवर आलो, माह्याजवळ हा आकडा हाय. जिथी आवाज बंद पडला, तिथी धावा.”

घरी पोचल्यावर आम्ही मुलींनी त्यांना ‘पोचली’ असा मेसेज टाकायचा, हाही त्यांचाच नियम. उत्तराला एकच अक्षर यायचं, ‘ओ’. सगळ्यांचे मेसेज आल्याशिवाय ही ताटावर बसत नाही, असं त्यांची अम्मी कुरकुरत सांगायची.

प्रॅक्टिकलची परीक्षा ऐन मोहाच्या हंगामात आली. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात फुलं वेचणाऱ्या एका बाईवर वाघानं झडप घातली होती. ती गेली. तरी परीक्षेच्या दिवशी पहाटे आई टोपली घेऊन निघालीच. मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, “फुलं काय माह्यासाठी थांबतेत? तू पेपराले जाय.” मी बसमध्ये बसेपर्यंत ती परतली नव्हती. फोन केला, लागला नाही. लॅबच्या दारात सगळ्यांचे फोन मॅडमकडे जमा करायचे होते. माझा देताना हात सुटेना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन घेतला.

बाहेरगावचे परीक्षक समोर बसलेले. मला प्रश्न आला: दिलेल्या संख्येतल्या अंकांची बेरीज करा. शेवटचा अंक घ्यायचा, बेरजेत टाकायचा, संख्येतून काढून टाकायचा, संपेपर्यंत हेच. मी लिहिलं, चालवलं. काळा पडदा. लाल अक्षर नाही, उत्तर नाही, काहीच नाही. वानर ओरडलंच नाही. त्या काळ्या पडद्यात मला मोहाखालची आई दिसायला लागली, बाया हाळी देताहेत आणि ती ओ देत नाहीये. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मॅडम दाराशी माझ्याहून पांढऱ्याफटक पडून उभ्या होत्या, पण त्यांना बोलायची परवानगी नव्हती.

मग मी तेच केलं जे रानात बाया करतात. प्रोग्राममध्ये हाळीची ओळ टाकली. पुन्हा चालवला, आणि पडद्यावर एकच आकडा धो धो कोसळायला लागला. तोच, तोच, तोच! चकवा लागलेला माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी येतो, तसा माझा प्रोग्राम गरागरा फिरत होता. शेवटचा अंक घेतला होता, पण काढून टाकायला विसरले होते. ती एक ओळ घातली. उत्तर आलं. परीक्षक “हं” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी धडपडत बाहेर आले. मॅडमनी फोन पुढे केला.

“तुही माय पोचली,” त्या म्हणाल्या. “तिचा फोन आला होता, मी उचलला. या अल्ला, जीव गेला व माहा!” आणि व्हरांड्यात मटकन बसून त्या माझ्या आधी रडल्या.

मी पास झाले. बाबा फाट्यावर टॉर्च घेऊन उभे राहतच गेले. आता मी नागपूरला एका कंपनीत हेच काम करते, आणि गावाहून परत आले की मॅडमना ‘पोचली’ टाकायची सवय कधी सुटली नाही. लगेच ‘ओ’ यायचा.

या पावसाळ्यात मॅडम काविळीनं गेल्या. सगळ्या जगाला भ्याल्या, त्या आजाराला मात्र भ्याल्या नाहीत, अंगावर काढला. याचा मला अजून राग येतो. मी वडशाला गेले. अम्मीजवळ बसले. निघताना ती म्हणाली, “जाशील तं आस्ते जाय, बेटा.”

नागपूरला उतरले आणि सवयीनं बोटं चालली. ‘पोचली’ गेलं आणि मग मला भान आलं. कुणाला टाकलं मी हे? आता ही शांतता मी कशी सोसणार होते?

फोन वाजला. मॅडमच्याच नंबरावरून आवाजाचा मेसेज होता. अम्मीला लिहिता येत नाही. मी कानाला लावला. बराच वेळ नुसती खरखर होती, मग तिचा थरथरता आवाज आला.

“ओ.”