चौथा अल्बम

आमच्या आवडत्या रॉक बँडने चौथ्या अल्बमपासून आपला बाज बदलला. तो अल्बम मला आवडतो म्हटल्यावर मिलिंदने सगळ्या ग्रुपसमोर मला बहिरा ठरवलं होतं. काल मी त्याला त्यातलंच एक गाणं ऐकवलं, पहिल्या अल्बममधून वगळलेलं आहे असं सांगून.

त्याने डोळे मिटले. "याला म्हणतात गिटार! तेव्हा भूक होती रे पोरांना."

म्हणजे इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तो अल्बम त्याने ऐकलेलाच नाही. निष्ठेला बहुधा कान लागत नाहीत. आपल्या विशीला कुणी हात लावू नये, एवढंच तिचं म्हणणं. क्षणभर मला त्याची दया आली.

"रविवारी ग्रुपला ऐकवतो. तुझं नाव सांगू?"

"नको, श्रेय तूच घे," मी म्हणालो. बाकीच्यांना चौथा अल्बम तोंडपाठ आहे.