एकनाथ तांडेलच्या बातम्या

नवापूरच्या एकनाथ तांडेलला जगाची फार काळजी होती. घराची नव्हती. ती त्याची बायको जमना करायची. ती सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची, म्हणून घरात चूल पेटायची.

एकनाथचा बाप महादू होडी चालवणारा नावाजलेला तांडेल होता. पोराला मात्र बोट लागायची. होडी बंदराबाहेर पडली की हा तिच्या काठावर वाकून ओकायला बसायचा. तांडेलाच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर गावाने हसून घेतलं आणि बापाने कपाळाला हात लावून त्याला शाळेत घातलं. तो मॅट्रिक झाला. बोईसरच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागला आणि थोड्याच दिवसांत सोडून आला. तिथल्या लोकांना आपली किंमत नाही, असं तो सांगायचा. किंमत किती होती ते कुणी विचारलं नाही.

मग त्याने घराच्या पडवीत दुकान टाकलं. बिड्या, साबण, जाळ्याचा दोरा, गोड बिस्किटं. दुकानाच्या भिंतीवर काळा फळा लावला आणि वर ऑइलपेंटने लिहिलं, ‘आजचे जग’. खाली तीन रकाने : देश, परदेश, विज्ञान. गावाला रकाना नव्हता. सकाळच्या एसटीने पेपर यायचा. एकनाथ तो पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा, रेडिओ ऐकायचा, आणि मग खडूने बातम्या लिहायचा. अक्षर सुरेख होतं, एवढं मान्य केलंच पाहिजे. संध्याकाळी पुरुषमंडळी पडवीत जमली की तो खुर्चीवर बसून सगळं वाचून, समजावून सांगायचा. ग्रामपंचायतीच्या विहिरीचा रहाट मोडून महिने झाले होते, पण आमचे बाप्ये लोक वाद घालायचे ते अमेरिकेचं चुकलं की रशियाचं.

एक्क्याण्णव साल उजाडलं आणि एकनाथचं नशीब फळफळलं. आखातात लढाई पेटली. त्याने भिंतीवर कुवेतचा नकाशा काढला. बिस्किटांच्या बरण्या पुढे ओढून क्षेपणास्त्र कसं जातं ते दाखवायचा. म्हणायचा, त्याला डोळा आहे, गल्लीच्या कोपऱ्यावर आपोआप वळतं. विज्ञानाच्या रकान्यात खिशात मावणारा फोन आला, बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर आला. आमच्या गावात फोन एकच, तोही बंद. तरी लोक माना डोलवायचे. मग आखातात समुद्रात तेल सांडलं आणि पेपरात तेलाने काळ्या झालेल्या पक्ष्यांचे फोटो आले. एकनाथने फोटो कापून फळ्याशेजारी चिकटवला आणि त्या मुक्या जिवांवर अर्धा तास बोलला.

त्याच आठवड्यात एका सकाळी ओहोटीला जमना आणि शेजारची बायडी खाडीवर गेल्या. पाण्यावर बोय मासळी मरून तरंगत होती. चिखलात सरपटणाऱ्या निवट्याही मरून उलथ्या पडल्या होत्या. पाण्याला तांबूस तवंग होता आणि दवाखान्यासारखा वास. वरच्या अंगाला बोईसरच्या एका कारखान्याचं पाणी खाडीत सोडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमना तशीच चिखलाच्या पायांनी दुकानात आली.

“खाडीत मासळी मेली हाय,” ती म्हणाली. “फळ्यावर लिवा.”

एकनाथ तेव्हा पक्ष्यांबद्दल लिहीत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. “पेपरात आल्याबिगर ती बातमी नाय,” तो म्हणाला. “तवर ती अफवा.”

जमना परत गेली, मेलेल्या बोयांची माळ दोरीत ओवून आणली आणि फळ्याच्या खिळ्याला टांगली. उन्हं चढली तशा माशा घोंगावू लागल्या. गिऱ्हाईकं नाक दाबून निघून जायला लागली तेव्हा कुठे एकनाथ उठला आणि खाडीवर गेला. किनाऱ्यावर बराच वेळ उभा राहिला. परत येऊन त्याने इस्त्रीचा सदरा घातला आणि पालघरची एसटी धरली. आपण आता ही गोष्ट योग्य ठिकाणी पोचवणार, असं जाताना सगळ्यांना सांगितलं.

योग्य ठिकाण म्हणजे पालघरला टायपिंगचा क्लास चालवणारे एक गृहस्थ. त्यांच्या दारावर वार्ताहर अशी पाटी होती. मुलींच्या टाइपरायटरांच्या खडखडाटात त्यांनी एकनाथचं ऐकून घेतलं आणि विचारलं, माणूस कुणी दगावलं का? एकनाथ म्हणाला, नाही. मग त्यांनी नुसती मान हलवली. पण एकनाथ परत आला तो विलायतेहून आल्यासारखा. वार्ताहराने आपल्याला खुर्ची दिली, चहा पाजला, आखाताबद्दल आपलं मत विचारलं, हे त्याने गावभर सांगितलं. मासळीबद्दल काय ठरलं ते कुणाच्या लक्षात राहू नये इतक्या तपशिलाने सांगितलं.

काही दिवसांनी बातमी छापून आली. त्या संध्याकाळी पडवीत पहिल्यांदाच बायकाही आल्या. एकनाथने नेहमीसारखं आधी परदेश घेतलं, मग देश, मग विज्ञान. लोक चुळबुळ करत बसले. शेवटी त्याने आतलं पान उघडलं आणि चार ओळी वाचल्या. नवापूर खाडीत मासे मेल्याची अफवा निराधार असून पाणी पूर्णपणे निर्धोक असल्याचे संबंधितांनी कळविले आहे.

जमना दाराशी उभी होती.

“तुमी सोता खाडीवर गेलते,” ती म्हणाली. “तुमी काय पायलं तेवढं सांगा.”

एकनाथने पेपराची घडी घातली, परत उघडली. म्हणाला, “मी पायलं त्याला कोण विचारतो? छापून आलंय ते असं हाय.”

जमनाच्या नजरेत राग नव्हता. फुटकी घागर पुन्हा तपासून पाहावी तसं तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. लोकही उठले. बायडी जाताना पडवीच्या पायरीवर थुंकली, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

पुढे लढाई संपली. एकनाथला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. कुवेतचा नकाशा त्याच्याने पुसवेना. इकडे खाडीत पुन्हा मासळी मेली, पहिल्यापेक्षा जास्त. या वेळी जमनाने दुकानाकडे पाहिलंही नाही. ती घरोघर हिंडली. बायकांनी मेलेली मासळी टोपल्यांत भरली आणि त्या बोईसरच्या एसटीत चढल्या. वासाने कंडक्टर उतरून पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदार आडवा आला. “ए बाई, मच्छी इधर नहीं,” तो म्हणाला. बायडीने त्याला बाजूला सारलं. ऑफिसच्या पायऱ्यांवर टोपल्या उपड्या झाल्या. एक साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आला आणि तज्ज्ञांचा अहवाल आहे, असं इंग्रजीत काहीतरी सांगू लागला. जमनाने एक बोय उचलून त्याच्यापुढे धरली.

“निर्धोक हाय म्हनता ना,” ती म्हणाली. “मंग घरी न्या. कालवन करा.”

साहेब आत गेला आणि दार लावून घेतलं. पाळी सुटलेले कामगार गोळा झाले. त्यांच्यातल्या कुणीतरी बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्याला बोलावून आणलं. पोलीस आले, त्यांनाही वास सहन होईना, तेही लांब उभे राहिले. संध्याकाळपर्यंत बायका पायऱ्यांवर बसून होत्या. शेवटी कारखान्याच्या माणसाने पाणी बंद करतो असं सगळ्यांसमोर कबूल केलं, तेव्हा उठल्या. पाणी खरोखर बंद झालं. पावसाळ्यात पुन्हा सुरू झालं, ती गोष्ट वेगळी. तेव्हा बायका पुन्हा गेल्या.

मोर्चाची बातमी फोटोसकट आली. एकनाथची छाती फुगली. त्याने फळा धुतला, कुवेत पुसलं, आणि देशाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं. संध्याकाळी पडवी भरली. त्याने घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. नवापूरच्या महिलांनी यमुनाबाई तांडेल यांच्या नेतृत्वाखाली कारखान्यावर धडक दिली.

“यमुनाबाई कोन?” मागून बायडीने विचारलं.

लोक हसायला लागले. एकनाथने पेपर डोळ्यांजवळ नेला, पुन्हा पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाला की इथे यमुनाबाईच छापलंय. फळ्यावरही त्याने यमुनाबाईच लिहिलं होतं. सतरा वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवला, तिचं नाव त्याने पेपरावरून उतरवून घेतलं होतं.

जमना मागच्या अंगणात बोंबील वाळत घालत होती. हसण्याचा आवाज तिने ऐकला होता. बायडी मागे आली तशी तिने विचारलं, काय झालं. बायडीने सांगितलं. जमना ओठांतल्या ओठांत हसली, बांबूवरचे बोंबील सारखे केले आणि म्हणाली, “लिवू दे. त्या यमुनाबाईलाच सांग म्हनावं आता जेवाया वाढाया.”

त्या दिवशी एकनाथने रात्रीचं जेवण स्वतःच्या हाताने वाढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीही.