‘आराम’मधला खडा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचायला खरं शिकवलं ते बायकोनं. ती सुपात डाळ निवडत बसायची, मी पेपर मोठ्यानं वाचायचो. मध्येच हात थांबवून म्हणायची, “थांबा, खडा लागला. पुन्हा वाचा.” आणि शेवटी लिहिणाऱ्याबद्दल एकच सवाल, “याले इकायचं काय हाय?” तिला जाऊन पोळ्याला वर्ष झालं. तेव्हापासून मी कागदाला हात लावला नव्हता.

परवा बाजाराच्या दिवशी धाड गावी मोठ्या बहिणीकडं गेलो. तिला आम्ही बाई म्हणतो. तिला साखरेची बिमारी. पाहतो तर गोळ्या कोनाड्यात तशाच, आणि हातात मागच्या बाजारातल्या चूर्णवाल्याचं पाम्प्लेट.

“आठ दिवस झाले, गोळ्या सोडल्या. आता हे चूर्णच घ्याचं.”

मी पाम्प्लेट ओढून घेतलं. चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागलो. ‘साखरेत आराम मिळू शकतो.’ जीभ अडली. खडा!

“बाई, आराम म्हंजे काय?”

“बरं होनं. आपन म्हनत नाही का, तापात आराम पडला?”

“तू तसं समजावं म्हनूनच लिवलं! बिमारी जाते असं कुठंच नाही. अन् ‘मिळू शकतो’ म्हंजे नाही बी मिळू शकत!”

मला चेवच चढला. “हे पाह्य, ‘आज शेवटचा दिवस’. मंग आज बी बाजारात त्याचं दुकान कसं लागलं?”

“पन शेजारनीले फरक पडला.”

“तिनं गोळ्या सोडल्या का?”

“नाही. संगच घेते.”

“मंग फरक कशानं पडला, चूर्णानं का गोळीनं?”

बाई भडकली. “चौथी पास अन् मोठा वकील झाला बे! डाक्टरले नाही का इकायच्या गोळ्या?”

मी मांडीवर थाप मारली. बायकोनंही हेच विचारलं असतं!

“बराबर इचारलं. सरकारी दवाखान्यात किती पैसे घेतले?”

“फुकटच देते.”

“बोटाचं रक्त पाह्यलं?”

“हाव.”

“अन् चूर्णवाल्यानं?”

“त्यानं तं नावबी नाही इचारलं,” बाई म्हणाली, आणि स्वतःच हसत सुटली. भाकर खाऊन तिनं गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं मी येऊन तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं.

गावी परतलो तर कधी एकदा सांगतो असं झालेलं. अंगणातूनच ओरडलो, “ऐकलं का, खडा सापडला!”

दाराला कुलूप होतं. सकाळी मीच लावलं होतं.