फॉर्मात रकाना न्हाई

"नाटकी आहे तुमची सून."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हे माझ्या सासूला म्हणले. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मी त्यांच्या टेबलापुढं पोट दाबून, वाकून उभी. मला कुणी बस म्हणलं नव्हतं. मागं दारापर्यंत बायांची रांग, समद्या ऐकून राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या पोटाला हात लावला न्हाई. "पाळीत सगळ्याच बायकांचं दुखतं. एक मूल होऊ द्या, सगळं जागेवर येईल." गोळ्या लिहिल्या. पुढचीला हाक मारली. रांगेतली एक हसली.

तवा मी बावीस वर्षांची होते. शिरड शहापूरची सून. त्या दिवसापासून सासूच्या हाती डॉक्टरचा शब्द आला. हळद शिजवताना मी ओकले, भट्टीपाशी कोसळले, तरी तिचं एकच. "डॉक्टरनं सांगितलंय, नाटकं हायेत."

खोटं काहून सांगू? मलाच वाटायचं, शिकलेला माणूस म्हणतो तर आपणच नाटकी असू. ह्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पाच वर्षं लेकरू झालं न्हाई. नवऱ्यानं मला माहेरी, कनेरगाव नाक्याला आणून सोडलं. काडीमोड घेतला अन् दुसरी केली.

भाऊ मला नांदेडला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं पोट तपासलं. मग माझ्या खाटेवर येऊन बसल्या. म्हणल्या, "तुला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढलंय. दर पाळीला ते सुजतं, त्यातून रक्त येतं, अन् त्याला बाहेर पडायला वाट नसते. किती वर्षं सोसलंस गं?"

मी रडले न्हाई. मला राग आला. कुणाचा, ते बराबर ठाऊक होतं.

दहावी पास होते. माहेरच्या गावात आशाताई म्हणून लागले. घरोघर फिरते. गरोदर बाया, लेकरांच्या लसी, टीबी, समद्यांचे फॉर्म भरते. अन् घरोघरी मला त्या पोरी दिसतात. पोट धरून भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. "काय झालं हिला?" विचारलं की आई म्हणते, "काय न्हाई, नाटकं."

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याला आमची मीटिंग झाली. स्टेजवर तालुक्याच्या आरोग्य खात्याचे नवीन साहेब. मी आवाजावरून ओळखलं. तेच डॉक्टर. केस पांढरे झालेले. शेवटी ते म्हणले, "कुणाला काही अडचण?"

मी उठले. "साहेब, पाळीत बेशुद्ध पडणाऱ्या पोरी हायेत. एंडोमेट्रिओसिस कोणत्या फॉर्मात लिहायचं?"

ते हसले. "त्याला राष्ट्रीय कार्यक्रम नाही, बाई. फॉर्मात रकाना नाही. दिलेलं काम करा."

"ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं ह्या आजाराचा आराखडा केलाय. फ्रान्सनं बी केलाय. मोबाइलवर वाचलंय मी. आमी बाया काय दगडाच्या?"

"हे ऑस्ट्रेलिया नाही. खाली बसा."

"न्हाई बसत. तुमी मला नाटकी म्हणले होते. माझ्या सासूपुढं. आठवतं का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग शेजारच्याला विचारलं, "ही कोण आहे?"

विसरले होते. माझा संसार गेला, अन् ह्या माणसाला माझं तोंड बी आठवत न्हाई. तिथंच माझ्यातली भीती मेली.

पिशवीतून नांदेडचा रिपोर्ट काढला. स्टेजवर चढले. त्यांच्यापुढं ठेवला.

"वाचा. मोठ्यानं."

"कामावरून काढून टाकीन."

"काढा. कारण कागदावर लिहा."

मागं एक आशाताई उठली. "माझ्या पोरीला बी हीच तकलीफ हाय, साहेब." मग आणखी एक उठली. साहेबांनी मीटिंग संपली म्हणून सांगितलं अन् मागच्या दारानं निघून गेले. रिपोर्टाला हात लावला न्हाई.

मला त्यांची माफी नको. दिली तरी मी घेणार न्हाई. आता आमच्या गावची जी पोरगी पोट धरून पडते, तिला मी सरळ त्यांच्याच ऑफिसात नेते. त्यांनी तिला तपासायचं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीवर आजाराचं नाव, त्यांच्या हातानं. लिहीपर्यंत आमी उठत न्हाई. आजवर तीन पोरी नेल्या. तिन्ही चिठ्ठ्या लिहून घेतल्या.

ऐकलंय, साहेब बदली मागून राहिले.

मागा. जिथं जाल तिथं बी आशाताई असतीलच. त्यांचे फोन नंबर मी आत्तापासूनच गोळा करून राहिले.