अण्णांचं पंच्याऐंशी साल

आमचे सासरे चांगदेव अण्णा म्हणजे निरगुडसरचं चालतंबोलतं पंचांग. शेतातून आले की टीव्हीवर हिंदीतले ते सिनेमे लावतात, ज्यात माणूस मशीनमध्ये बसून मागच्या काळात जातो. त्यातला एकही सिनेमा त्यांनी सुखानं बघितलेला नाही आणि आम्हालाही बघू दिलेला नाही. "प्रतिभा, हे बघ! पन्नास सालात ह्याच्या दारात प्लास्टिकची बादली कुठनं आली?" म्हणत रिमोट दाबतात. हिरो मरायला टेकलेला असतो आणि आम्ही बादली बघत बसतो.

माझी लेक समृद्धी अवसरीला इंजिनिअरिंग शिकते. कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिनं असाच छोटा सिनेमा लिहिला. एक मुलगी पंच्याऐंशी सालात जाते आणि आपल्याच गावचा बैलपोळा बघते. तपासायला दिला अण्णांना. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

पहिल्याच पानावर त्यांनी तिला धरलं. तिनं मोबाईलवर बघून श्रावणातला पोळा लिहिला होता.

"आपल्याकडं भादवी पोळा असतो, बाय! श्रावणात तुझी हिरॉईन आली, तर मोकळ्या वेशीत हुबी राहील."

मग भादव्याच्या अमावस्येला, खऱ्या मिरवणुकीतच शूटिंग ठरलं. गावात बैलजोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या वेशीतून एकदाच जाणार. तेवढा शॉट हुकला तर पुढच्या पोळ्यापर्यंत थांबायचं, आणि स्पर्धा तर दिवाळीच्या आत. समृद्धी सकाळपासून दहादा कॅमेऱ्याची बॅटरी तपासत होती.

अण्णा मात्र नवरदेवासारखे मिरवत होते. डीजे बंद करून हलगी बोलावली. शिंगांना ऑइलपेंटऐवजी हिंगूळ लावायला लावला, सिमेंटच्या रस्त्यावर माती पसरायला लावली. बैलवाल्या सोमाजीभाऊंचं घड्याळ, पोरांचे मोबाईल, सगळं एका पाटीत जमा केलं.

"आज कुनी सालाच्या भाईर जायाचं न्हाई!"

हलगी कडाडली, कॅमेरा सुरू झाला, सोमाजीभाऊंची जोडी वेशीत आली. आणि कॅमेऱ्यामागं उभे असलेले आमचे अण्णा धावत गेले, कासरा धरला आणि बैलांपुढं नाचायला लागले! पंच्याऐंशी सालची आमची सर्जाची जोडी विकल्यापासून त्यांनी कासऱ्याला हात लावला नव्हता. पायात डॉक्टरांनी घ्यायला लावलेले पोपटी बूट, कानात ऐकायचं मशीन. समृद्धी जिवाच्या आकांतानं हाका मारत होती, पण हलगीपुढं कोण ऐकतंय?

मिरवणूक पुढं गेली. अण्णांची नजर स्वतःच्या पायांवर पडली आणि ते मटकन पारावर बसले.

"पोरी, मीच समदी घाण केली गं. काढून टाक मला त्यातनं."

मला इतका राग आला होता, की काय बोलू नि काय नको. पण त्यांचा चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

समृद्धी कॅमेऱ्यात तोच शॉट परत परत बघत होती. सगळं गाव पंच्याऐंशी सालात, आणि मधोमध पोपटी बुटांतला एक म्हातारा. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. ती येऊन त्यांच्याशेजारी बसली.

"अण्णा, मशीनमध्ये तुम्हीच बसा. माझी हिरॉईन कशाला जाईल त्या सालात? तिचं तिथं कोण आहे? तुमचं तर सगळं तिथंच आहे."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. मग टोपीनं डोळे पुसून खुदकन हसले.

"मग परत आनायची घाई करू नगंस. आमच्या सर्जाला पानी दावतो, आन् येतो."