शर्टाच्या शेजारी हिरवा चुडा

आधीच सांगून टाकते, मी चौकातल्या उताऱ्यावरून बिनधास्त चालत जाणारी बाई आहे. सोसायटीत कुणाला काही "दिसलं" म्हटलं की मी आधी त्याच्या चष्म्याचा नंबर विचारते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. या सदरातले अनुभव वाचून वाटलं, निदान इथे तरी कुणी वेड्यात काढणार नाही... काढलंत तरी चालेल.

गोष्ट २००८ ची, दिवाळीच्या आधीची. मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या एका इंडस्ट्रियल गाळ्यातून कपडे विकणारी वेबसाइट चालायची, तिथे मी नोकरीला होते. साइटवर कुणी काही सर्च केलं की रिझल्टच्या उजव्या बाजूला जाहिरातीचा एक चौकोन यायचा. त्यात कुणाला काय दाखवायचं, ते ठरवणं हे माझं काम. शर्ट शोधला की बेल्ट, साडी शोधली की परकर, आधी लहान मुलांचे कपडे घेतलेत तर स्वेटर. सगळं मी हाताने भरायचे. त्या चौकोनात आपोआप काही उगवत नसे.

घरही मीरा रोडलाच, परळची खोली विकून घेतलेला वन बीएचके. घरात आई, मी आणि सुजाता वहिनी. माझा दादा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. एका सफरीत तो समुद्रातच बेपत्ता झाला. कंपनीने "मिसिंग" एवढंच कळवलं. त्याला सात वर्षं उलटून गेली होती. देह सापडला नाही, म्हणून दिवसकार्य नाही. आई वहिनीला रोज कुंकू लावायला लावायची आणि दर दिवाळीला दादासाठी नवा शर्ट आणून कपाटात ठेवायची. बेचाळीस नंबर, फुल बाही.

त्या वर्षी वहिनीला मागणी आली. तिच्या पॅथॉलॉजी लॅबमधलेच मोहिते, बायको वारलेली, सरळ माणूस. वकिलांनीही कायद्याची अडचण नाही म्हणून सांगितलं. वहिनीच्या मनात होतं, पण म्हणाली, "आई हो म्हणतील तरच." आणि आईचं एकच, "उद्या तो दारात उभा राहिला तर मी काय सांगू त्याला?" मला दोघींची दया यायची आणि खरं सांगायचं तर दोघींचा रागही यायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून म्हटलं, यंदा दुकानात नको, आमच्याच साइटवरून निवड. रविवारी दुपारी तिला घरच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि सर्चमध्ये फुल शर्ट, बेचाळीस असं टाकलं. डावीकडे शर्टांची रांग आली. उजवीकडे बेल्ट यायला हवा होता.

हिरव्या काचेच्या बांगड्या आल्या. नवरीचा चुडा असतो तशा, एका पुरुषी, निळ्या काठाच्या रुमालावर ठेवलेल्या. खाली किंमत नाही, नुसतं माप — सव्वादोन.

आमच्याकडे काचेची बांगडी नव्हतीच. कुरिअरमध्ये फुटेल म्हणून मालकांनी ती कधी ठेवलीच नाही.

पान रिफ्रेश केलं, पुन्हा तेच. साडी शोधली तर मुकाट परकर आला. शर्ट शोधला की चुडा. आमचा प्रोग्रॅमर जिग्नेश याला फोन लावला, त्याने त्याच्या घरून तेच शब्द टाकून पाहिले.

"दीदी, इधर तो बेल्ट ही आ रहा है. संडे को तो आराम करो."

आई माझ्याकडे वळली. "हे तू लावलंस?"

"तुझ्या गळ्याची शपथ आई, नाही."

तिने वहिनीला हाक मारली. "सुजाता, तुझं माप सव्वादोनच ना गं?"

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, स्क्रीन पाहिली आणि त्या निळ्या काठावर बोट टेकवलं. दादा बोटीवरून येताना तिला बांगड्या आणायचा. फुटू नयेत म्हणून स्वतःच्या रुमालात बांधून, खिशात घालून.

"मोहित्यांना बोलावून घे," आई म्हणाली.

आता वहिनीच नाही म्हणायला लागली. "आई, अहो मशीन आहे ते. चुकतं कधीकधी."

"जिवंत असता, तर तुला दुसऱ्याच्या घरी जा म्हणाला असता का गं?"

एवढं बोलून आई रडली. सात वर्षांत पहिल्यांदाच, आणि इतक्या मोठ्याने की शेजारच्या शाहभाभी धावत आल्या.

सोमवारी ऑफिसात सगळं उलटंपालटं करून पाहिलं. अशी वस्तू नाही, असा फोटो नाही. घरी येऊन शर्ट शोधला तर बेल्ट.

पुढे भाईंदरच्या खाडीवर देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून आईने दादाचे विधी करून घेतले. मग महिन्याभराने वहिनीचं लग्न, तेही आईनेच लावून दिलं. वहिनी सुखात आहे, अजून दर रविवारी फोन करते.

कारण मला आजही सांगता येत नाही. जिग्नेश म्हणतो, तुम्हीच कधीतरी टेस्टिंगला फोटो टाकला असेल आणि विसरलात. तसंच असतं तर किती बरं झालं असतं. तो चुडा मी लावलेला असता, तर माझा दादा अजून कुठेतरी जिवंत असू शकला असता.